सामाईक हेडर आणि शब्दांचे माप



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सी भाषेतील हेडर फाइली’ असे उत्तर दिले. फोनवर काही क्षण शांतता होती. मग त्यांनी हळूच विचारले, “लोक बसतील ना?” आपण बसला आहात, तेव्हा आमच्यावर जबाबदारी येऊन पडली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ह्या भाषेची एक ओळही लिहिलेली नसेल, आणि तशी अपेक्षाही नाही. हा विषय वस्तुतः यंत्राचा नाहीच. दोन पक्षांनी एकाच कागदावर सही केली, कागदावरचे शब्दही एकच, आणि तरीही दोघांच्या मनातले माप वेगळे निघाले, तर काय होते, हा आमचा विषय आहे.

जुन्या मंडळींना मण आठवत असेल. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि रेल्वेचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. ‘दहा मण पाठवा’ एवढेच पत्रात लिहिले, तर पाठवणारा आणि घेणारा दोघेही प्रामाणिक असून भांडण ठरलेले. १९५६ च्या मापांच्या कायद्याने आपल्याकडे किलोग्रॅम आणला आणि हा घोळ मिटला. संगणकाच्या जगातला मण मात्र अजून चालू आहे. त्याचे नाव ‘इंट’.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडवली. माणसाने सी भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राला थेट कळत नाही. तो यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा जो प्रोग्रॅम, त्याला कंपायलर म्हणतात. मोठे काम एका फाइलीत मावत नाही. शेकडो फाइली असतात, त्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या असतात, आणि कंपायलर त्या एकेक करून सुट्या वाचतो. एका फाइलीला दुसरीत काय आहे हे कळावे म्हणून दोघींनी मान्य केलेला मजकूर तिसऱ्या जागी लिहून ठेवतात. ‘अमुक नावाची नोंद असेल, तिच्यात अमुक रकाने असतील, अमुक काम सांगायचे असेल तर अमुक गोष्टी हाती द्याव्यात.’ हा तिसरा कागद म्हणजे हेडर. व्यवहारातल्या भाषेत सांगायचे तर करारपत्र.

आता ह्या करारपत्राची एक विचित्र रीत ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कंपायलर हेडर एकदा वाचून त्याचा अर्थ कोठे जपून ठेवीत नाही. ज्या ज्या फाइलीत त्याचा उल्लेख येईल, तेथे तो सगळा मजकूर शब्दशः चिकटवला जातो आणि नव्याने वाचला जातो. म्हणजे करार एक, पण त्याचा अर्थ प्रत्येक पक्ष आपल्या घरी, आपल्या कोशातून लावणार. कोश सारखे असले तर काहीच बिघडत नाही. ते सारखे नसतात.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी ह्या भाषेवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात एक छोटे कोष्टक आहे. पूर्णांकाला त्या भाषेत ‘इंट’ म्हणतात. पीडीपी-११ ह्या यंत्रावर तो १६ बिटांचा, आयबीएम ३७० वर ३२ बिटांचा आणि हनीवेल ६००० वर ३६ बिटांचा, असे त्यात सरळ छापले आहे. म्हणजे मणाचा प्रकार लपवून ठेवलेला नव्हता. १६ बिटांत ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. ४०,००० हा आकडा एका यंत्रावर सुखाने नांदेल आणि दुसऱ्यावर उलटून ऋण होऊन बसेल.

कोणी म्हणेल, मग पहिल्याच दिवशी माप ठरवून का टाकले नाही? ह्यात रिचींचा आळस मुळीच नव्हता. ज्या यंत्राला जे माप अंगचे, त्या मापात हिशेब केला तर तो जलद होतो, आणि जलदपणा हाच त्या भाषेचा प्राण होता. १९८९ साली अमेरिकेत प्रमाण ठरले, तेव्हाही समितीने फक्त किमान मर्यादा घातली: इंट किमान १६ बिटांचा, ‘लाँग’ किमान ३२ बिटांचा. कमाल किती, ते ज्याचे त्याने पाहावे. आजही हे खरेच आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग ३२ बिटांचा आहे आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा आहे. पहिल्या पक्षाने जुन्या कार्यक्रमांतली गृहीते मोडू नयेत म्हणून लाँग आहे तसा ठेवला, दुसऱ्याने तो यंत्राबरोबर वाढवला. दोघांचीही कारणे सयुक्तिक आहेत. त्यामुळे सामाईक हेडरात ‘लाँग’ हा शब्द लिहिणाऱ्याची अवस्था मात्र दोन सासरे असलेल्या सुनेसारखी होते.

ह्यावर उपाय भाषेतच होता. ‘टाइपडेफ’ नावाची एक सोय आहे. तिने एखाद्या मापाला आपण स्वतः नाव ठेवू शकतो. ‘आमच्या घरी बत्तीस बिटांच्या पूर्णांकाला अमुक म्हणावे, ह्या यंत्रावर तो इंट समजा, त्या यंत्रावर लाँग समजा.’ एकदा हे एका फाइलीत लिहिले की बाकी सर्वत्र आपलेच नाव वापरायचे. नवे यंत्र आले तर ती एक फाइल बदलायची. कल्पना उत्तम. पण कोणतीही उत्तम कल्पना एकाच वेळी सर्वांना सुचली की काय होते, ते आता पाहू.

प्रत्येक घराने आपापले नाव ठेवले, आणि बारशाला आलेल्या आत्यांना सुचावीत तशी बहुतेकांना तीच ती नावे सुचली. ‘इंट३२’ हे नाव एक्स विंडो ह्या खिडक्यांच्या यंत्रणेने घेतले, मायक्रोसॉफ्टने घेतले, आणि चित्रे उलगडणाऱ्या एका ग्रंथालयानेही घेतले. हे ग्रंथालय म्हणजे इंडिपेंडंट जेपेग ग्रुपने १९९१ साली प्रथम लोकांना दिलेले ‘लिबजेपेग’. आपल्या मोबाइलवरचे फोटो बहुधा ज्या जेपेग पद्धतीने साठवलेले असतात, ती पद्धत घरोघर पोचवण्यात ह्या ग्रंथालयाचा मोठा वाटा आहे. त्याच्या हेडरात एक मजेशीर तरतूद आहे. एक्स विंडोचे हेडर अगोदर येऊन गेले आहे की काय, हे ते त्या हेडराच्या खुणेवरून पाहते, आणि खूण दिसली तर आपण इंट३२ हे नाव ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही. शेजाऱ्याच्या दारात तोरण आहे का ते पाहून आपल्या घरचे कार्य ठरवण्यासारखे हे आहे. पण चालले.

खरी गंमत ‘बूलियन’ ह्या शब्दाने केली. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणारा हा रकाना. लिबजेपेगने त्याला साधा इंट मानले, म्हणजे बहुतेक यंत्रांवर चार बाइट. विंडोजच्या एका हेडरात तेच नाव एका बाइटाला दिलेले होते. कंपायलरने दोन्ही एकत्र पाहिले की तो ‘एका नावाचे दोन अर्थ’ म्हणून ओरडत असे. ते ओरडणे बंद करण्यासाठी पुष्कळ लोक लिबजेपेगची व्याख्या वगळून विंडोजची चालू ठेवत. कंपायलर गप्प होई. परंतु ग्रंथालय अगोदर दुसऱ्या कोणी तयार केलेले, आणि त्यात बूलियन चार बाइटांचा. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये तो एक बाइटाचा. दोघे एकच नोंद एकमेकांच्या हाती देणार, आणि तिच्यातले रकाने दोघांच्या दृष्टीने वेगवेगळ्या जागी!

येथे त्या ग्रंथालयाच्या कर्त्यांना आम्ही मनापासून हात जोडतो. त्यांनी दारातच एक तराजू ठेवला होता. काम सुरू करताना वापरणाऱ्याने आपल्या मते नोंद किती बाइटांची आहे ते सांगायचे. हे सांगणे हेडर आपोआपच करते. ग्रंथालय तो आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहते, आणि जुळला नाही तर ‘ग्रंथालयाच्या मते माप इतके, मागणाऱ्याच्या मते इतके’ असा निरोप देऊन तेथेच थांबते. हा निरोप जगभर हजारो लोकांनी वैतागून वाचला असेल. आम्हीही वाचला आहे आणि त्या वेळी चार शब्दही उच्चारले आहेत. पण तराजू नसता तर चित्राच्या जागी कचरा दिसला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे चित्र ठीक दिसले असते आणि बिघाड स्मृतीत दुसरीकडेच कोठेतरी झाला असता. पुढे विंडोजसाठी दिलेल्या मांडणीत त्यांनी बूलियन तेथील रिवाजाप्रमाणे एक बाइटाचा करून टाकला.

१९९९ च्या प्रमाणग्रंथाने अखेर आपला किलोग्रॅम आणला. ‘स्टड-इंट’ नावाचे एक हेडर आले आणि त्यात माप नावातच घातलेले प्रकार मिळाले: आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट बिटांचे. प्रश्न सुटायला हवा होता. पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर हे हेडर यायला २०१० साल उजाडले. मधली अकरा वर्षे प्रत्येक सामाईक हेडराच्या माथ्यावर एक चौकशी लिहावी लागे: ‘वाचणारा कोण? मायक्रोसॉफ्टचा असशील तर हे घे, जीसीसी असशील तर ते घे.’ प्रत्येक कंपायलर आपले नाव सांगणारी एक खूण अगोदरच लावून येतो, तिच्यावर ही चौकशी चाले.

नाव विचारून माणूस ओळखण्यात जो धोका, तोच येथेही आहे. पुढे क्लँग नावाचा कंपायलर आला. जीसीसीसाठी लिहिलेली हेडरे आपल्याला वाचता यावीत म्हणून तो खुशाल ‘मी जीसीसी, आवृत्ती ४.२.१’ असे सांगतो. म्हणून त्याला ओळखायचे असेल तर जीसीसीची चौकशी करण्याआधी त्याच्या खऱ्या नावाची करावी लागते. आमचे मत असे की नाव विचारूच नये, काम येते का ते विचारावे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेले ऑटोकॉन्फ हे साधन असेच करते. ते कंपायलरला लहानसहान प्रोग्रॅम देऊन पाहते, इंट किती मोठा भरतो ते मोजते, आणि जे आढळले ते एका हेडरात टिपून ठेवते. त्याची भाषा अतिशय गबाळी आहे, त्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. पण रीत बरोबर आहे.

एक गोष्ट मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. एका अक्षरासाठी सीमध्ये ‘कॅर’ हा प्रकार आहे. तो ऋण आकडा धरू शकतो की नाही, हे प्रमाणग्रंथाने कंपायलरवर सोडले. इंटेलच्या वळणाच्या यंत्रांवर तो सामान्यतः ऋण होऊ शकतो, आणि एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये होत नाही. रोमन लिपीच्या साध्या मजकुराला ह्याचा उपद्रव नाही, कारण तिची अक्षरे १२७ च्या आत बसतात. आपला ‘म’ युटीएफ-८ पद्धतीने लिहिला की २२४, १६४, १७४ असे तीन बाइट होतात, सगळे १२७ च्या वर. तोच ‘म’ पहिल्या यंत्रावर वाचला तर उणे ३२, उणे ९२, उणे ८२! कोणी हा आकडा घेऊन कोष्टकातले घर शोधू लागला तर तो कोष्टकाच्या मागे, भिंतीपलीकडे जाऊन पडतो. ज्याने आयुष्यभर रोमन मजकुरावरच प्रोग्रॅम तपासला, त्याला ही चूक कधी दिसणारच नाही. म्हणून बाइटांचा मजकूर हेडरात मांडताना ‘ऋणरहित कॅर’ असे स्पष्ट लिहावे.

आता मापापेक्षाही फसवी अशी एक बाब सांगतो, आणि तिच्यात आमचीच फजिती आहे.

चार बाइटांचा आकडा चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला की यंत्राला उचलायला सोपे जाते. म्हणून नोंदीत रकाने लिहिले की कंपायलर मध्ये रिकामी जागा सोडतो. विंडोजच्या बिटमॅप चित्राच्या आरंभी जी नोंद असते, तिच्यात २, ४, २, २ आणि ४ बाइटांचे रकाने आहेत. बेरीज १४, आणि फाइलीतही ती १४ बाइटांचीच असते. पण तीच व्याख्या कंपायलरच्या सहज कलाने वाचली तर १६ भरतात, कारण पहिल्या रकान्यानंतर दोन बाइट सोडले जातात. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या हेडरात तिच्याआधी ‘रकाने दाबून बसवा’ अशी आज्ञा असते आणि तिच्यानंतर ती मागे घेतलेली असते. नुसती व्याख्या उतरवून घेऊन आज्ञा विसरणारे विद्यार्थी अजूनही भेटतात.

आम्ही आज्ञा विसरलो नव्हतो. ती मागे घ्यायला विसरलो. काही वर्षांपूर्वी एका दूध संस्थेसाठी आम्ही हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. वजनकाट्याकडून येणारी माहिती दाबून बसवलेली असे, म्हणून काट्याच्या हेडरात आम्ही ती आज्ञा घातली आणि तशीच उघडी सोडली. हेडर म्हणजे चिकटवलेला मजकूर, हे मघाशी सांगितलेच. तेव्हा त्याच्यानंतर जे जे हेडर येईल, तेही दाबले जाणार. दुधाच्या नोंदीचे हेडर निराळे होते: सकाळ की संध्याकाळ हे सांगणारा एक बाइट, फॅटचे दोन, मिलिलिटरचे चार. मोकळी वाचली तर नोंद ८ बाइटांची, दाबली तर ७ बाइटांची. रोजच्या हिशेबाच्या फाइलींत हे हेडर काट्याच्या आधी येत होते, म्हणून वर्षभर सगळे सुरळीत चालले. दिवाळीला जो दरातला फरक वाटतात, त्याची फाइल आमच्या सहकाऱ्याने लिहिली. त्याने हेडरे वर्णानुक्रमाने लावली, काटा आधी, दूध नंतर. टापटिपीचा माणूस! त्याला दोष नाही.

फरकाचा तक्ता छापून आला तेव्हा चिटणीस बराच वेळ तो पाहत बसले. मग म्हणाले, “साहेब, ह्यांच्या घरी एक म्हैस आहे. सकाळी तीन लिटर घालतात. इथं सातशे अडुसष्ट लिटर लिहिलंय.” आमचे पाणी पाणी झाले. रोजची फाइल मिलिलिटरचा आकडा चौथ्या बाइटापासून मांडत होती, फरकाची फाइल तो तिसऱ्यापासून वाचत होती. एक बाइट अलीकडून वाचले की आकडा २५६ पट होतो, आणि ३ गुणिले २५६ म्हणजे ७६८. कंपायलर एक चकार शब्द बोलला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही फाइली आपापल्या परीने निर्दोष होत्या. दोन्ही एकदम त्याने पाहिल्याच नव्हत्या.

आम्हांला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच विचाराने. चूक २५६ पटीची होती म्हणून ती दिसली. ती शेकडा दोनची असती, तर तो तक्ता तसाच मंजूर झाला असता आणि दिवाळीला तालुक्यातल्या कित्येक घरी कमी पैसे गेले असते. कोणालाही कधीही कळले नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन कामे केली. आज्ञा जेथे दिली तेथेच, त्याच हेडराच्या शेवटी, ती मागे घेतली. आणि दुधाच्या नोंदीखाली एक ओळ लिहिली: ‘ही नोंद ८ बाइटांची नसेल तर पुढे जाऊ नये.’ २०११ च्या प्रमाणग्रंथापासून अशी ओळ भाषेतच लिहिता येते. त्यापूर्वी लोक एक युक्ती करत: अट खोटी ठरली तर उणे एक लांबीची रांग मागायची. अशी रांग कोणीच देऊ शकत नाही, म्हणून कंपायलर अडून बसे. लिबजेपेगचा तराजू प्रोग्रॅम चालताना मोजतो, ही ओळ तो तयार होतानाच मोजते. दोन्ही हव्यात, कारण तयार झालेल्या दोन वस्तू नंतर कोणी एकत्र जोडील हे हेडराला कळत नाही.

हे सगळे प्रोग्रॅमरांचे घरगुती दुखणे आहे असे वाटत असेल, तर एक तारीख टिपून ठेवा. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. युनिक्सच्या कुळातली यंत्रे वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत. ह्या आकड्यालाही हेडरात एक टोपणनाव आहे, ‘टाइम-टी’. ३२ बिटांच्या यंत्रांवर तो परंपरेने ३२ बिटांचा. त्या मंगळवारी तो भरेल, आणि पुढच्या सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ दाखवू लागतील.

टोपणनाव आहे ना, मग एका जागी बदलले की झाले? टाइपडेफचा सगळा महिमा तोच तर सांगितला. बदलायला एक ओळ पुरते हे खरे. पण ते नाव शेकडो हेडरांतल्या नोंदींत रकाना होऊन बसले आहे. तो चाराचा आठ बाइटांचा झाला की त्याच्यानंतरचा प्रत्येक रकाना सरकतो. ग्रंथालय नव्या मापाने तयार झालेले आणि प्रोग्रॅम जुन्या, तर दुधाच्या तक्त्याचीच गोष्ट, आणि येथे बहुतेक दारांत तराजू ठेवलेला नाही. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी २०२० पर्यंत तयारी झाली. सीचे मूळ ग्रंथालय ग्लिबसी, त्याने २०२१ साली मोठ्या मापाची मुभा दिली, पण जुने मापही चालू ठेवले. डेबियन ह्या लिनक्सच्या वितरणाने २०२४ मध्ये हे काम अंगावर घेतले. ज्या ग्रंथालयांच्या हेडरांवर परिणाम होत होता त्यांची पॅकेजे नावे बदलून, शेवटी ‘टी६४’ जोडून, पुन्हा तयार केली, म्हणजे जुने नाव मागणाऱ्याला चुकून नवे माप मिळू नये. अनेक महिने सगळा कारखाना उलटापालटा झाला होता.

एक यंत्रकूळ मात्र त्यांनी मुद्दाम वगळले: जुन्या ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांचे. त्यांच्यावर आज जे चालते, त्यात पूर्वी तयार झालेले असे पुष्कळ प्रोग्रॅम आहेत की ज्यांचा मूळ मजकूर आता कोणापाशी नाही. माप बदलले तर ते आजच मोडतील. तसेच ठेवले, तर त्या मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास.